कोलारच्या मातीतील नावे

बंगळूरहून मारीकुप्पमला जाणारी पॅसेंजर गाडी बंगारपेठेपर्यंत चेन्नईच्या मोठ्या लोहमार्गाने धावते. तेथे ती एका आडफाट्याला लागते आणि कोरोमंडल, उरिगाम, चॅम्पियन अशी लहान लहान स्थानके घेत सुमारे १६ किलोमीटरांवरील मारीकुप्पमला जाऊन थांबते. पुढे लोहमार्ग नाही. सकाळच्या प्रहरी या दिशेने जाणाऱ्या डब्यांत ऐसपैस जागा मिळते; उलट दिशेच्या गाड्या मात्र दारापर्यंत भरलेल्या असतात. ज्या गावात एके काळी साऱ्या दक्षिणेतून माणसे कामासाठी येत, त्या गावची माणसे आता पहाटे उठून कामासाठी बंगळूर गाठतात आणि दिवेलागणीनंतर परततात.

बंगारपेठेचे जुने नाव बाऊरिंगपेठ. म्हैसूरचे कमिशनर बाऊरिंग यांच्यावरून पडलेले. कानडीत बंगार म्हणजे सोने. साहेबाचे नाव पुसून सोन्याचे ठेवले, हा बदल आम्हांला मोठा समर्पक वाटला. आम्ही उभयता एका विवाहाच्या निमित्ताने बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूरला गेलो होतो. कार्य उरकल्यावर दोन दिवस हाताशी होते. नातलगांनी नंदी टेकडी सुचविली. आम्ही कोलारची सोन्याची खाण म्हणताच यजमानांनी चित्रपटाचे नाव घेऊन स्मित केले. त्या चित्रपटाशी आमचा काही संबंध नव्हता. मराठी माणसाला कोलारची ओढ वाटण्याचे कारण अधिक जुने आहे. बंगळूर, कोलार, होसकोटे, बाळापूर, शिरे ही शहाजीराजांची कर्नाटकातील जहागीर. राजांचा अंतही याच मुलखात, होदिगेरेच्या रानात, १६६४ साली झाला. बेळगावच्या पलीकडे आपले कोणी नाही असे मानणाऱ्यांनी हा नकाशा एकदा डोळ्यांखालून घालावा.

गाडीतून उतरताच प्रथम दिसतात त्या टेकड्या. पण त्या टेकड्या नव्हेत. खडक फोडून, दळून, त्याच्या पिठातील सोने सायनाइडच्या पाण्याने काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीचे ते ढीग आहेत. सपाट माथ्याचे, उतारावर पावसाने पाडलेल्या घळया असलेले, फिकट पिवळसर रंगाचे. गावकरी त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. वारा सुटला की ही भुकटी घरांच्या ओसरीवर, भांड्यांवर, माणसांच्या छातीत जाऊन बसते.

या ठिकाणचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. येथील माती धुऊन लोक सोन्याचे कण काढतात असे १८०२ साली सर्वेक्षणासाठी आलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरनने पाहिले व लिहून ठेवले. पुढे बंगळूरला स्थायिक झालेल्या मायकेल लॅव्हेल नावाच्या एका निवृत्त आयरिश सैनिकाने १८७१ च्या सुमारास बैलगाडीतून हा भाग धुंडाळला आणि म्हैसूर सरकारकडून खाणीचा पट्टा मिळविला. त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. बंगळूरच्या एका श्रीमंत रस्त्याला त्याचे नाव राहिले, एवढीच त्याची कमाई. १८८० साली लंडनच्या जॉन टेलर आणि मंडळींनी खाणीचा कारभार हाती घेतला. तीन वर्षांत भागधारक हवालदिल झाले. तेव्हा कॅप्टन प्लमर नावाच्या खाणकऱ्याने जुन्या, कोणा अज्ञात पूर्वजांनी खणलेल्या विवरांच्या तळाशी उतरून चॅम्पियन नावाची ती समृद्ध शिर शोधली आणि पारडे फिरले. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथून सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून येथे वीज आणली गेली. म्हैसूर शहराच्या आधी ती या खाणींना मिळाली. विवरे खोल होत होत ३ किलोमीटरांच्याही खाली गेली. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९७२ साली भारत गोल्ड माइन्स ही केंद्र सरकारची कंपनी झाली, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबले. सुमारे १२० वर्षांत जवळजवळ ८०० टन सोने येथून निघाले.

जाता जाता आणखी एक सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच खाणीत, २ किलोमीटरांहून अधिक खोलीवर, उपकरणे मांडून १९६५ साली वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपले. जगात ते प्रथम टिपले गेले त्यांत कोलारचे नाव आहे. दगडाचे एवढे जाड छत्र डोक्यावर असल्याखेरीज हा प्रयोग होत नाही. सोने संपले, तरी खोली उपयोगी पडली.

आता कॅप्टन या शब्दाकडे वळू. प्लमर काही फौजेतला कॅप्टन नव्हता. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा समुद्रात घुसलेला आहे. तेथे खाणीवरच्या मुख्य जाणत्या माणसाला कॅप्टन म्हणण्याची रीत होती. टेलर कंपनीचा कॉर्नवॉलच्या खाणींशी जुना घरोबा. त्यामुळे कोलारला कॅप्टन, मुकादम, यंत्रवाले असे सारे जाणते लोक तेथूनच येत. तांबे आणि कथील हे त्या परगण्याचे धन. १८६६ साली तांब्याचा बाजार कोसळला, पुढे कथिलाची तीच गत झाली, आणि माणसांनी गाव सोडले. १८६१ साली कॉर्नवॉलची लोकसंख्या सुमारे ३ लाख ७० हजार होती; १९०१ साली ती सव्वातीन लाखांच्याही खाली आली. त्या काळात इंग्लंडची एकूण वस्ती दीडपटीहून अधिक झाली होती हे ध्यानात घेतले, म्हणजे या घटीचा अर्थ कळतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटा, अमेरिकेतील मिशिगन, मेक्सिकोतील पाचूका, आफ्रिकेतील जोहान्सबर्ग, आणि आपले कोलार. जगात कोठेही खोल खड्डा दिसला की त्याच्या तळाशी एक कॉर्निश माणूस असतो, असे म्हणत. खाणीत एखादी जागा रिकामी झाली की हा माणूस म्हणे लगेच सांगे, घरी माझा जॅक नावाचा चुलतभाऊ आहे, त्याला बोलावतो. त्यावरून साऱ्या जगात त्यांना ‘कझिन जॅक’ हे नाव पडले. पाचूकात आजही त्यांच्या करंजीसारख्या मुडपलेल्या पेस्ट्या ‘पास्ते’ या नावाने विकल्या जातात.

त्यांची आडनावे आपल्याला चटकन उमगतील अशी आहेत. पुष्कळांची सुरुवात ट्रे, पोल किंवा पेन यांनी होते. त्यांच्या जुन्या भाषेत ट्रे म्हणजे वाडी, पोल म्हणजे तळे, पेन म्हणजे डोंगराचे टोक. आपले वाडेकर, तळेकर आणि डोंगरे तेच.

ही माहिती आम्हांला ज्या घरी मिळाली ते रॉबर्टसनपेठेपासून थोड्या अंतरावर, खाणकामगारांच्या जुन्या चाळवजा वस्तीत आहे. येथे तिला ‘लाइन’ म्हणतात. यजमान खाणीच्या हजेरी कचेरीतले निवृत्त कारकून, वय पंचाहत्तरीच्या घरातले. मातृभाषा तमिळ, आमच्याशी ते कानडीत बोलत आणि आम्हांला ‘मेष्ट्रे’ म्हणत. स्थानकावर चहा घेताना आम्ही जुन्या दफनभूमीची चौकशी केली, तेव्हा चहावाल्याने आम्हांला थेट त्यांच्या दारी पाठविले. गोऱ्यांची थडगी शोधायला आलेला कोणीही प्रथम तेथेच पाठविला जातो, हे मागाहून कळले.

खाण बंद झाल्यावर हातांना काम नव्हते. त्या काळात कॉर्नवॉलहून आलेल्या एका वृद्ध गृहस्थाला त्यांनी त्याच्या आजोबांचे थडगे झाडीतून मोकळे करून दाखविले. त्या गृहस्थाने परत जाऊन आपल्या ओळखीच्यांना सांगितले. मग पत्रे येऊ लागली. अमुक नावाचा माणूस, अमुक साली निवर्तला, दगड शिल्लक आहे काय? कारकूनसाहेबांनी सारी दफनभूमी ओळीओळीने फिरून एका लांब फुलस्केप वहीत उतरवून काढली. नाव, वय, मूळ गाव, मृत्यूची तारीख, दगडाची स्थिती. हजेरीपट लिहिलेल्या माणसाचे ते वळणदार अक्षर. दगड फुटला असेल तेथे त्यांनी शेरा मारला आहे, ‘अर्धा’. त्या वहीतील वयाचा रकाना आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. तीन महिने, अकरा महिने, दोन वर्षे. पटकी आणि विषमज्वराला गोरा-काळा भेद ठाऊक नव्हता.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांच्याकडे आणखी एक पाहुणी होती. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एक निवृत्त परिचारिका, साठीच्या पुढची, उन्हाने लाल झालेली. तिच्या पणजोबांनी मूंट्याची वाट धरली, आणि त्यांचा धाकटा भाऊ कोलारला आला. तो १८९४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, येथेच वारला. घरात त्याचे एक पत्र उरले होते. बाई ते जपून आणलेले पत्र, काही नकला आणि एक गुंडाळी घेऊन आली होती. गुंडाळी उलगडली तेव्हा खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत वंशवृक्ष पसरला.

ही मंडळी इतिहासाची अध्यापक नाहीत. कोणी परिचारिका, कोणी टपालखात्यातला, कोणी दुकानदार. पण यांची शिस्त पाहून आमच्यातला मास्तर सुखावला. इंग्लंडमधील चर्चांनी १५३८ पासून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवल्या. १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूनोंद सुरू झाली. १८४१ पासून दर दहा वर्षांची शिरगणती घरागणिक, नावानिशी पाहायला मिळते. १८५१ च्या शिरगणतीत जन्माचा परगणाच नव्हे तर गावही दिलेले असते, म्हणून शोधकांचे त्या वर्षावर विशेष प्रेम. कॉर्नवॉलमधील हौशी मंडळींनी एकेक पॅरिश वाटून घेतली आहे. जो ज्या पॅरिशचा, त्याने तिची दप्तरे उतरवायची आणि विचारणाऱ्याला फुकट कळवायचे. त्यांचा कुलेतिहास मंडळ १९७६ पासून चालू आहे, आणि रेडरूथ गावात एका जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत २०१९ साली परगण्याचे सारे दप्तर एकत्र मांडले गेले. हिंदुस्थानात निवर्तलेल्यांसाठी आणखी एक सोय आहे. मद्रास, मुंबई, बंगाल या इलाख्यांतील चर्चांच्या नोंदींची नक्कल त्या काळी लंडनला जात असे. ती बाडे आजही तेथे आहेत. कोलार म्हैसूर संस्थानात असले तरी चर्चच्या दृष्टीने मद्रासच्या छत्राखाली होते. म्हणून बाईला आपल्या पूर्वजाच्या दफनाची तारीख मद्रासच्या बासनात सापडली.

अडचण निराळीच असते. त्या परगण्यात नावे मोजकीच. विल्यम, जॉन, टॉमस. एकाच गावात एकाच नावाचे सात सात विल्यम. मग कोण कोणत्या खाणीत होता, कोणाची बायको कोठली, यावरून धागा सोडवावा लागतो. एकाने चुकीचा विल्यम धरला की त्याच्या पाठोपाठ वीस घरे चुकीच्या आजोबांना अभिवादन करू लागतात. म्हणून ही मंडळी एकमेकांना नुसते नाव कळवीत नाहीत. नोंद कोठल्या बाडातली, कोणत्या पानावरची, हेही कळवितात. पुराव्याविना दिलेला पूर्वज ते घेत नाहीत.

बाईने १८५१ च्या शिरगणतीतील एका ओळीवर बोट ठेवले. कोलारला वारलेल्या त्या तरुणाची आई त्या साली बारा वर्षांची होती, आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिले होते, तांब्याची खनिजे निवडणारी. अशा मुलींना तिकडे ‘बाल मेडन’ म्हणत. आपल्या कानाला तो बाल शब्द बालपणाचा वाटतो. त्यांच्या भाषेत बाल म्हणजे खाण. पांढऱ्या टोप्या घालून या मुली दिवसभर हातोड्याने दगड फोडीत. बाईने त्या मुलीचे नाव वंशवृक्षात पुरुषांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात लिहिले होते.

आमच्या सौभाग्यवतीने तेथे एक गोष्ट बोलून दाखविली. आमच्या घरी अकरा पिढ्यांची हस्तलिखित वंशावळ आहे; तीत एकाही स्त्रीचे नाव नाही. ज्यांना पुत्र झाला नाही त्यांच्यापुढे ‘निपुत्रिक’ एवढेच लिहून रेघ थांबविली आहे, मग घरात चार कन्या का असेनात. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी हीच स्थिती असेल. मराठ्यांना वंशाची हौस कमी नाही. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा सारा वृत्तांत मराठीत दगडावर कोरून घेतला. एवढा लांब मराठी शिलालेख दुसरा नाही. परमुलखात राहणाऱ्याला आपण कोण हे दगडावर लिहावेसे वाटते. पण आजीचे माहेर, पणजीचे नाव या गोष्टी आपण जात्यावरच्या ओव्यांवर सोपविल्या, आणि जाती गेली तशा त्याही गेल्या.

कारकूनसाहेब हे ऐकत होते. मग ते उठले आणि आतून एक दुसरी, पातळ वही घेऊन आले.

कोलारच्या मजुरांपैकी फार मोठा भाग उत्तर अर्काट, चित्तूर, सेलम या तमिळ-तेलुगू जिल्ह्यांतून आला. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक पुष्कळ. गावी जमीन नाही, मान नाही, दुष्काळ मात्र आहे. तेव्हा कंत्राटदाराच्या मागोमाग ते चालत निघाले. भरभराटीच्या दिवसांत ३० हजारांच्या आसपास माणसे या खाणींवर राबत होती. वस्ती बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत. खोल विवरांत दगडावरचा दाब एवढा की एकाएकी भिंत स्फोटासारखी फुटे, आणि वर जमिनीवरच्या घरांतील भांडी खाली पडत. त्या आवाजासरशी बाया विवराच्या तोंडाकडे धाव घेत. जे फुटत्या दगडातून वाचले त्यांना धुळीने गाठले. १९४७ साली येथील साडेसात हजारांवर कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा शंभरांत चाळीसहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. दगडाच्या धुळीने फुप्फुसे दगडासारखी होतात, तो हा रोग. कॉर्नवॉलच्या मृत्युदाखल्यांतही खाणकऱ्यांच्या नावापुढे क्षय हा शब्द पुन्हा पुन्हा येतो असे बाई म्हणाली. रोग एकच, कागद मात्र तिच्याकडे होता.

इकडे नोंदीत नाव असले तरी ते खरे असेलच असे नाही. एका खाणीतून काढलेला माणूस दुसऱ्या खाणीत दुसरे नाव सांगून लागे, हे हजेरी कचेरीतल्या माणसाने सांगावे यात गंमत होती. कंपन्यांनी मजुरांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायचे ठरविले, तेव्हा १९३० साली येथे मोठा संप झाला. नाव बदलण्याची मुभा हाच गरिबाचा एक आसरा होता. तो त्यांना सोडवेना. आज त्यांच्या नातवंडांना नेमकी तीच मुभा आडवी येते.

तमिळ माणसाला आडनाव नसते. बापाच्या नावाचे आद्याक्षर आपल्या नावापुढे लावायचे, एवढीच खूण. म्हणजे प्रत्येक पिढीत आजोबा गळून पडतो. कारकूनसाहेबांच्या वडिलांना तीन वर्षांचे असताना पोरकेपण आले. आजोबा १९२५ च्या सुमारास दगड फुटून खाणीतच गेले. आजी वर्षभरात गेली. त्या माणसाचे नाव वडिलांना ठाऊक नव्हते. चुलत्याच्या घरी ‘तुझा बाप’ एवढाच उल्लेख होई. गाव चित्तूरकडचे, पण कोणते?

“मी चार वर्षे गोऱ्यांच्या आजोबांची थडगी शोधून दिली, मेष्ट्रे,” ते म्हणाले, “आणि माझ्या आजोबांना नावही नव्हते.”

प्रथम ते शाळेत गेले. हे ऐकून आम्ही सावरून बसलो. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला जनरल रजिस्टरचे मोल निराळे सांगावे लागत नाही. आमच्या कचेरीत महिन्याला एकदोन माणसे तरी आजोबांची नोंद काढून द्या म्हणून येतात. जातीचा दाखला हवा असतो, वारसा हवा असतो. पिवळ्या पानांवर फिकट झालेली ती एक ओळ पाहून रडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. परप्रांतातून आलेल्या अनुसूचित जातीच्या घरांना १९५० पूर्वी आपले पूर्वज याच राज्यात होते हे दाखवावे लागते. तेथे तर त्या ओळीवर मुलाचे शिक्षण अवलंबून असते. येथल्या एका जुन्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात कारकूनसाहेबांना वडिलांची १९२८ ची नोंद मिळाली. जन्मगाव होते. पालकाच्या रकान्यात मात्र चुलत्याचे नाव, आणि तेच बापाच्या रकान्यातही उतरविलेले. भरती करणाऱ्या मास्तरांनी चौकशी केली नसावी, किंवा चुलत्यानेच तसे सांगितले असावे. त्या नोंदीवरून वडिलांना जे आद्याक्षर मिळाले ते चुलत्याचे. निवृत्तिवेतनाच्या कागदावर, शिधापत्रिकेवर, जमिनीच्या पावतीवर तेच.

मग ते त्या जन्मगावी गेले. गावाबाहेरच्या वस्तीत त्यांच्या नात्यातील एक नव्वदीची म्हातारी जिवंत होती. तमिळ बायका मृताजवळ बसून ओप्पारी म्हणतात. ते रडगाणे खरे, पण त्यात गेलेल्याचे नाव, त्याचे गुण, त्याच्या आधी गेलेल्यांची नावे, सारे ओवलेले असते. कोलारहून निरोप आला तेव्हा ही म्हातारी बारातेरा वर्षांची होती आणि मोठ्या बायकांच्या मागे बसून तिने ती ओप्पारी म्हटली होती. तिला आजोबांचे नाव विचारले तर आठवेना. मग ती डोळे मिटून हळू आवाजात ते रडगाणे म्हणू लागली, आणि नाव तिच्या ओठांवर आपोआप आले. त्याच्या मागोमाग बापाचे आले, आईचे आले, दोन लहानपणी गेलेल्या बहिणींची आली. कारकूनसाहेबांनी पेन्सिलीने उतरवून घेतले. ती ही पातळ वही.

वहीच्या पहिल्या पानावर आजोबांचे नाव शाईने लिहिले आहे. त्याखाली वडिलांचे आणि स्वतःचे, दोन्ही खऱ्या आद्याक्षरासह. सरकारी कागदांवर त्यांनी ते बदलले नाही. बदलले तर निवृत्तिवेतन अडेल, आणि खुलासा कोणाला करायचा, असे ते म्हणाले. चुलत्याबद्दल त्यांच्या मनात राग नाही. त्याने पोराला जेवू घातले, शाळेत घातले. अक्षर तेवढे त्याचे राहिले तर राहू दे.

ऑस्ट्रेलियातील बाईने ती वही मागून घेतली आणि पुष्कळ वेळ पाहिली. तिला लिपी कळत नव्हती. तिने विचारले, ‘ही नोंद कोठली, हे लिहिले आहे का?’ आम्हांला तो प्रश्न क्षणभर कठोर वाटला. पण कारकूनसाहेब खुलले. त्यांनी शेवटचे पान उघडून दाखविले. तेथे म्हातारीचे नाव, तिचे वय, गाव, तारीख आणि ‘ओप्पारीतून ऐकले’ असा शेरा होता. बाईने मान डोलावली. तिच्या लेखी पुरावा पुरा झाला होता.

दुपारी चौघेही दफनभूमीत गेलो. बोरीबाभळीत वाट काढीत कारकूनसाहेब पुढे. बाईच्या पूर्वजाचा दगड एका कडूनिंबाच्या मुळांनी किंचित कलता केला आहे. तिने पाण्याने तो धुतला. कॅम्बोर्न हे गावाचे नाव सावकाश वर आले. ती थोडा वेळ तेथे उभी राहिली, पत्राची एक नक्कल घडी करून दगडाच्या पायथ्याशी ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक खडा ठेवला. परतताना कारकूनसाहेबांनी लाइनीपलीकडचे एक उघडे माळरान हाताने दाखविले. खाणीत गेलेल्या मजुरांना तेथे पुरीत. दगड एकही नाही. शेळ्या चरत होत्या.

कोणा वाचकास जावयाचे असेल तर काही सूचना. बंगळूरहून अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे, पहाटेच्या गाडीने निघावे. खाणीची विवरे बंद आहेत आणि त्यांच्या जवळ जाऊ देत नाहीत. सायनाइडच्या ढिगांवर मुलांना चढू देऊ नये. थडग्यांवरील अक्षरे सकाळी नऊच्या आत अथवा दुपारी चारनंतर, ऊन तिरपे असताना, उत्तम वाचता येतात. खडू घासू नये, तारेचा ब्रश लावू नये. साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. दगड कलता असेल तर हात लावू नये. आणि बरोबर दोन वह्या न्याव्यात. एक आपल्यासाठी, दुसरी कारकूनसाहेबांसाठी. फुलस्केप, जाड पुठ्ठ्याची. तशी वही आता कोलारात मिळत नाही अशी त्यांची तक्रार आहे.